बेटापर्यंत पोचलोच नाही, मग शिकलो काय?

मागच्या अंकात मी समुद्री कयाकिंगच्या, म्हणजे वरून बंद असलेल्या लांबट, निमुळत्या होडीतून समुद्रात वल्हवत जाण्याच्या, दोन दिवसांच्या शिबिराबद्दल लिहिलं होतं. शनिवारी सकाळी प्रशिक्षकाकडून वल्हवायला शिकायचं, तंबू-पांघरुणं कयाकच्या पोटात भरून दुपारी निघायचं, एखाद्या पुळणीवर रात्र काढायची आणि रविवारी परतायचं, असा तो बेत. त्यावर पत्रं आली ती अपेक्षेपेक्षा बरीच जास्त. निम्म्या पत्रांत एकच धास्ती आहे : उलटलो तर? म्हणून सुरुवात तिथूनच करते. एक पत्र मात्र धास्तीचं नाही, रागाचं आहे. त्याला सगळ्यात जास्त जागा दिली आहे, कारण तसाच एक निर्णय कधीकाळी माझ्यावर आला होता आणि मी तो चुकवला होता.

प्रश्न : माझं वय ४७. पोहता येतं, पण तलावाची एक लांबी कशीबशी पार करण्यापुरतंच. कयाकमध्ये बसल्यावर कमरेभोवती तो स्कर्ट आवळतात ना, त्याचीच भीती वाटते. होडी उलटली आणि मी आतच अडकले तर?

उत्तर : ही भीती इतकी सगळ्यांना असते, की ज्याला ती वाटत नाही त्याच्यावर मी जास्त लक्ष ठेवते.

हा स्प्रे स्कर्ट कॉकपिटमध्ये, म्हणजे बसायच्या भोकात, पाणी येऊ नये म्हणून असतो. त्याची कड इलॅस्टिकची असते आणि ती कॉकपिटच्या काठावर बसते. पुढच्या बाजूला पट्ट्याचं एक कडं असतं. ते पुढे आणि वर ओढलं की स्कर्ट सुटतो. उलटल्यावर करायचं ते एवढंच : पुढे वाका, होडीच्या तळावर दोन्ही हातांनी तीन थापा मारा, मग काठावरून हात पुढे सरकवत कडं शोधा आणि ओढा. त्यानंतर हात कमरेशी आणून, घट्ट पँट उतरवावी तशी होडी अंगातून उतरवा. थापा दुसऱ्याला ऐकू जाव्यात म्हणून असतात, असं आम्ही सांगतो. खरा उपयोग असा, की तीन थापा मारेपर्यंत माणसाची तडफड थांबते आणि हात शोधायला लागतात. सगळं मिळून पाच-सहा सेकंद लागतात. आतल्या माणसाला ते अर्ध्या मिनिटासारखे वाटतात, हेही खरं.

मी हे आधी कोरड्या वाळूवर करून घेते. डोळे मिटून, दहा वेळा. मग कमरेएवढ्या पाण्यात, मी शेजारी उभी असताना. एक गृहस्थ असे वर आले होते, की एका हातात वल्हं, दुसरा हात होडीवर, चेहऱ्यावर जग जिंकल्याचं हसू, आणि नाकावरचा चष्मा गायब. चष्मा अजून तिथेच आहे.

अडकायला होतं ते जवळजवळ नेहमी एकाच चुकीने : घाईत स्कर्ट बसवताना ते कडं आत दुमडून जातं. म्हणून स्कर्ट लावून झाला की कडं बाहेर आहे हे हात लावून बघायचं आणि शेजाऱ्याला दाखवायचं. पाणी गुडघाभर असलं तरी दाखवायचं.

पोहण्याबद्दल म्हणाल, तर तलावाची एक लांबी पुरे. अंगातलं जॅकेट तुम्हाला तरंगत ठेवतं. मात्र कयाकिंगची जॅकेटं बहुधा ५० न्यूटन तरणशक्तीची असतात. शुद्धीवर असलेल्या माणसासाठी ती उत्तम. बेशुद्ध माणसाचा चेहरा पाण्याबाहेर वळवून धरण्याची हमी ती देत नाहीत. त्यासाठीच गटात दुसरी माणसं असतात. तुम्ही घरून एकच तयारी करून या. तोंड पाण्यात घालून नाकातून बुडबुडे सोडत दहा आकडे मोजायचे. बादलीत केलंत तरी चालेल.

प्रश्न : मी ६३ वर्षांचा. उशीर झाला का?

उत्तर : पोलंडचे अलेक्झांडर डोबा २०१७ साली, वयाच्या सत्तराव्या वर्षी, एकट्याने कयाक वल्हवत अटलांटिक महासागर पार करून गेले. तेही तिसऱ्यांदा. तेव्हा वयाची सबब माझ्याकडे चालणार नाही.

पण एक परीक्षा घरीच घ्या. जमिनीवर पाय पुढे पसरून, गुडघे किंचित वाकवून, पाठीला टेकू न देता अर्धा तास बसा. मांड्यांच्या मागच्या शिरा ओरडायला लागल्या तर शिबिराला सहा आठवडे तरी असताना रोज ताण द्यायला सुरुवात करा. साठीच्या माणसांचे हात माझ्याकडे सहसा दमत नाहीत. होडीतून उठताना गुडघे मात्र नाही म्हणतात.

प्रश्न : उलटल्यावर आतूनच होडी सरळ करण्याचा 'रोल' पहिल्याच शिबिरात शिकवतात का? व्हिडिओत तर फार सोपा दिसतो.

उत्तर : नाही, आणि शिकवू असं कोणी म्हटलं तर दोन दिवसांतला किती वेळ त्यात जाणार ते विचारा. ग्रीनलंडच्या शिकाऱ्यांना रोल लागायचा, कारण त्यांचं सीलच्या कातड्याचं जॅकेट कॉकपिटच्या काठालाच बांधलेलं असे. बर्फाळ पाण्यात होडीबाहेर पडणं हा पर्यायच नव्हता. तुमच्याजवळ शेजारचा माणूस आहे. त्याच्या मदतीने परत होडीत चढणं हे पहिलं शिक्षण.

ते असं होतं : तुम्ही पाण्यात. सोबती तुमच्या उलट्या होडीचं पुढचं टोक स्वतःच्या डेकवर, म्हणजे होडीच्या वरच्या बंद भागावर, आडवं ओढून घेतो, कॉकपिटमधलं पाणी गळून जातं, मग तो होडी सरळ करून आपल्या होडीला समांतर आणतो आणि दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून घट्ट धरतो. तुम्ही मागच्या डेकवर पालथे चढता, पाय कॉकपिटमध्ये सरकवता आणि पोटावरून वळून बसता. पहिल्या खेपेला आठ-दहा मिनिटं आणि बरीच हसाहशी. रविवारपर्यंत दोन-तीन मिनिटांत जमतं.

जीनो वॉटकिन्स नावाचा तरुण इंग्रज शोधप्रवासी ग्रीनलंडच्या लोकांकडून रोल शिकला होता, आणि चांगला शिकला होता. ऑगस्ट १९३२ मध्ये तो कयाक घेऊन एकटाच सील मारायला गेला. त्याची होडी तरंगताना सापडली. तो सापडला नाही. वय २५.

प्रश्न : हवा छान उबदार असताना वेटसूट घालायला लावतात. कशासाठी?

उत्तर : कपडे हवेसाठी नाही, पाण्यासाठी घालायचे असतात. पाणी अंगातली ऊब हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून नेतं. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी बर्फाळ पाण्यासाठी एक सोपं सूत्र रूढ केलं : १-१०-१. पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायला. पुढची १० मिनिटं हात-पाय कामाचे असतात. आणि शुद्ध हरपायला साधारण १ तास. लोकांना वाटतं गारठून मरण येतं. त्याच्या बरंच आधी बोटं कामातून जातात, कडं ओढणारी बोटं. तुमचं पाणी बर्फाळ नसेल, तर ही मुदत लांबते, एवढंच. पाणी खरोखरच कोमट असेल तर वेटसूट नको, आणि मग उन्हाची काळजी जास्त : खालून चकाकणाऱ्या पाण्याने हनुवटीची आणि नाकाची खालची बाजू भाजते, तिथे क्रीम लावायचं कोणाच्या लक्षात राहत नाही.

प्रश्न : आमची फसवणूक झाली असं माझं स्पष्ट मत आहे. शिबिराच्या जाहिरातीत 'बेटावर मुक्काम' होता. दोघंजण उशिरा आल्याने निघायलाच दीड तास उशीर झाला. तरी निघालो. आकाश निरभ्र, पाणी तळ्यासारखं, बेट समोर अगदी हाताच्या अंतरावर. वारा होता तोही पाठीवर, म्हणजे उलट मदतच करणारा. वीस मिनिटं वल्हवल्यावर प्रशिक्षकांनी शिट्टी वाजवली आणि सगळ्यांना मागे फिरवलं. रात्र निघालो त्याच पुळणीवर काढली. रविवारी उथळ पाण्यात एकमेकांना वाचवण्याचा सराव. शुल्क मात्र पूर्ण घेतलं. आम्ही शिकलो काय?

उत्तर : मी तिथे नव्हते, तेव्हा तुमच्या प्रशिक्षकांचा निवाडा करत नाही. पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं : वारा पाठीवर होता.

तुम्ही किनाऱ्याकडून बेटाकडे जात होता आणि वारा पाठीवर. म्हणजे तो जमिनीवरून समुद्राकडे वाहत होता. अशा वाऱ्यात किनाऱ्याजवळचं पाणी तळ्यासारखंच दिसतं, कारण लाट उठायला वाऱ्याला पाण्यावरून धाव लागते आणि तिथे ती मिळालेली नसते. जसजसे बाहेर जाल तसतशी ती मिळते. शिवाय वाऱ्याकडे पाठ करून बघणाऱ्याला लाटांच्या पाठी दिसतात. त्या गुळगुळीत असतात. पांढरा फेस फुटतो तो पलीकडच्या अंगाला. समुद्र खरा कसा आहे हे बघायला मान मागे वळवून वाऱ्याच्या तोंडाला बघावं लागतं, आणि नवशिका कयाकमध्ये मान वळवत नाही, कारण वळवली की होडी डुगडुगते. तुमच्या प्रशिक्षकांनी मागे बघितलं असावं.

आता आकडे बघा. बेट दोन सागरी मैलांवर, म्हणजे पावणेचार किलोमीटरच्या आसपास, होतं असं धरू. नवशिक्यांचा गट शांत पाण्यात ३ नॉटने, तासाला ३ सागरी मैलांच्या वेगाने, जातो, म्हणजे चाळीस मिनिटं. पाठीवर वारा घेऊन त्याहून लवकर. इथपर्यंत तुमचं बरोबर. पण रविवारी परत यायचं तेव्हा तोच वारा तोंडावर. १५ नॉटचा वारा समोरून असला की दमलेल्या नवशिक्याचा वेग सहज निम्म्यावर येतो. चाळीसची ऐंशी मिनिटं होतात, आणि टोपी सारखी करायला कोणी हात थांबवला की तो तेवढाच मागे जातो. गट सगळ्यात हळू माणसाच्या वेगाने चालतो.

आणि तो दीड तास. भरतीचं किंवा ओहोटीचं पाणी सहा तास एकसारखं हलत नाही. आम्ही ढोबळमानाने बारा हिस्से धरतो : पहिल्या तासात १ हिस्सा, मग २, ३, ३, २ आणि शेवटी १. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी जातं. बेट आणि किनारा यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून ते जातं तेव्हा प्रवाह होतो. पाणी स्थिर असताना पार व्हायचं म्हणून निघण्याची वेळ ठरवलेली असते. दीड तास उशीर म्हणजे तुम्ही त्या तीन हिश्श्यांच्या तासाच्या तोंडाशी जाऊन पोचणार. दीड नॉटचा आडवा प्रवाह चाळीस मिनिटांत तुम्हाला अख्खा एक सागरी मैल बाजूला नेतो. बेट मात्र अगदी समोरच दिसत राहतं. कयाकमध्ये बसल्यावर डोळे पाण्यापासून जेमतेम पाऊण मीटरवर असतात, क्षितिजच तीन किलोमीटरवर येतं. 'हाताच्या अंतरावर' हे त्या उंचीवरून जवळपास सगळ्याच गोष्टींबद्दल वाटतं.

आता माझं. शिकवायला लागून मला दुसरंच वर्ष होतं. सात जणांचा गट, असंच बेट, असाच पाठीवरचा वारा. अर्ध्या वाटेवर मला पहिली पांढरी फूट दिसली. फिरायला हवं होतं. मी म्हटलं, एवढं आलोच आहोत तर जाऊ. माझ्या मनात समुद्र नव्हता. सातजणांचे हिरमुसलेले चेहरे होते. बेटावर पोचलो, रात्र सुंदर गेली, फोटो आले. रविवारी वारा वाढलेला. पन्नास मिनिटांची वाट दोन तास दहा मिनिटं चालली. शेवटच्या तासात दोघींच्या होड्या मी दोरीला घेतल्या होत्या. दोरी सैल पडायची, मग ताणून टण् करून कमरेत झटका द्यायची, पुन्हा सैल. कोणाला इजा झाली नाही. पण पुळणीवर लागल्यावर पिवळ्या होडीतल्या बाईंना वल्हं सोडता येईना. बोटं आखडून बसली होती. मी तिच्याशेजारी वाळूत बसून एकेक बोट उलगडलं. ती मला "थँक यू" म्हणाली. ते "थँक यू" मला अजून टोचतं.

तेव्हापासून फिरायची वेळ मी किनाऱ्यावरच ठरवते आणि मेणाच्या पेन्सिलीने डेकवर लिहून ठेवते. पाण्यावर गेल्यावर ठरवायला बसलं की चेहरे दिसायला लागतात.

मार्च १९९३ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, लाइम बेमध्ये, आठ विद्यार्थी, एक शिक्षक आणि दोन प्रशिक्षक कयाक घेऊन निघाले होते. छोटासाच पल्ला. वारा जमिनीवरून समुद्राकडे होता. मुलांच्या होड्यांना स्प्रे स्कर्ट नव्हते. लाटांचं पाणी कॉकपिटमध्ये भरत गेलं, गट समुद्रात ओढला गेला आणि मदतीची हाक उशिरा पोचली. चार मुलं गेली. त्यानंतर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये अशा साहसकेंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा आला.

तुमचा 'शिकलो काय?' हा प्रश्न मात्र एका बाबतीत सोळा आणे खरा असू शकतो. शिट्टी वाजवून फिरवलं आणि का ते सांगितलं नाही, असं झालं असेल तर ती वाईट शिकवणी. मी हे वर जे सगळं लिहिलं ते त्यांनी त्याच संध्याकाळी, वाळूत काटकीने रेघा मारून सांगायला हवं होतं. त्यांना पत्र लिहा, शुल्काबद्दल नको, याबद्दल लिहा. उशिरा आलेल्या दोघांना काय लिहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

आणि रविवारचा तो उथळ पाण्यातला सराव. किती वेळा चढलात परत होडीत? चारपेक्षा जास्त वेळा असेल, तर बेटावर जाऊन आलेल्या बहुतेकांपेक्षा तुम्हाला जास्त येतं.

प्रश्न : तासाभरात दंड आणि खांदे भरून येतात, अंगठ्याशी फोड येतात. व्यायाम कमी पडतो का?

उत्तर : व्यायाम कमी नाही, हात जास्त पडतात. जॅकेटची चेन बघा. प्रत्येक वल्ह्याला चेन डावी-उजवीकडे वळत असेल तर तुम्ही धडाने वल्हवताय. चेन समोर खिळलेली असेल तर सगळा भार दंडांवर. वल्हं पायाच्या बोटांजवळ पाण्यात घालायचं, त्याच बाजूच्या पायाने आतल्या पट्टीवर रेटा द्यायचा, कमरेपाशी आलं की बाहेर काढायचं. त्याच्या मागे ओढण्यात वेग नाही, नुसती दमणूक. फोडांचं कारण मूठ. वरच्या हाताची बोटं पुढे ढकलताना उघडी सोडा, पियानो वाजवल्यासारखी. आणि लाटेवर तोल सावरताना कोपर खांद्याच्या वर कधीही नेऊ नका. खांदा निखळण्याचा तो राजमार्ग आहे.

प्रश्न : पुळणीवर तंबू कुठे लावायचा? 'भरतीरेषेच्या वर' असं सगळे सांगतात, पण रेषा दिसते कुठे?

उत्तर : दिसते, आणि बहुधा दोन दिसतात. तिथेच घोळ होतो.

वाहून आलेलं शेवाळ, काटक्या, शिंपल्यांचा चुरा यांची जी ओलसर रांग असते ती आजच्या भरतीची. तिच्याही वर, पार झुडपांजवळ, एक वाळलेली, उन्हाने पांढरी पडलेली, विरळ रांग असते. ती उधाणाची. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत पाणी तिथवर येतं. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, ते खालीच थांबतं. तंबू वरच्या रांगेच्या वर.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. शिकाऊ असताना संध्याकाळची भरती कुठवर आली ते डोळ्यांनी बघितलं, तिच्या चार पावलं वर सपाट वाळू होती, तिथे तंबू ठोकला. भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं. म्हणजे पुढची भरती पहाटे, मी झोपेत असताना. आणि दोन लागोपाठच्या भरत्या सारख्याच उंचीच्या असतात असं समुद्राने कुठे लिहून दिलेलं नाही. आधी पायाशी गार लागलं. मला वाटलं दव असेल. मग चपला तंबूच्या आत तरंगत आल्या. आमच्या प्रशिक्षकबाई स्वतःच्या तंबूतून डोकं काढून म्हणाल्या, "मी विचार करत होते, कधी कळेल तुला." त्यांनी संध्याकाळीच बघितलं होतं. मी तसं करत नाही, सांगून टाकते. पण त्यांचा धडा जास्त टिकला, हे कबूल.

होड्याही वर घ्या आणि एकमेकींना बांधा. रात्रीच्या वाऱ्याने रिकामी कयाक पानासारखी लोळत जाते. वाळूत तंबूच्या खुंट्या धरत नाहीत. रिकाम्या पिशव्यांत वाळू भरा, दोरी बांधा आणि कोपरभर खोल पुरा. कड्याच्या पायथ्याशी सावली असते म्हणून तंबू लावू नका. वर बघा, मग खाली बघा. खाली पडलेले दगड वरूनच आलेले असतात.

प्रश्न : सामान मावतच नाही! पाठीवरच्या मोठ्या सॅकचं काय करायचं?

उत्तर : सॅक घरी. समुद्री कयाक सुमारे पाच मीटर लांब असते, पण आत शिरायची झाकणं छोटी, काही तर वीतभर गोल. एक मोठी पिशवी जात नाही, दहा लांबट, बारीक पिशव्या जातात. तंबू त्याच्या पिशवीतून काढा. कापड वेगळं, दांड्या वेगळ्या. दांड्या टोकाच्या निमुळत्या भागात. तिथे जी पिशवी सर्वांत आधी ढकलाल तिला हातभर दोरी बांधून टोक बाहेर ठेवा, नाहीतर संध्याकाळी होडीत खांद्यापर्यंत हात घालून शिव्या देत बसाल.

जड ते मध्ये आणि तळाशी, कॉकपिटलगतच्या आडभिंतीला टेकून. सगळ्यात जड असतं पिण्याचं पाणी. माणशी दिवसाला चार लिटर धरा, म्हणजे दोन दिवसांचे आठ किलो. ते पुढच्या टोकात घातलंत तर नाक खाली जाईल आणि होडी सारखी वाऱ्याकडे तोंड वळवायला बघेल. वजन मध्ये, किंचित मागे. भरलेली कयाक रिकामीपेक्षा स्थिर असते, ही त्यातली सुखाची गोष्ट. फक्त ती वाळूवरून ओढू नका. चौघांनी पोटाखालून उचला.

'वॉटरप्रूफ' पिशवीवर विश्वास ठेवू नका. झोपायची पिशवी दोन आवरणांत.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको. दोन होड्या की दोघांची एक?

उत्तर : दोघांच्या कयाकला आमच्या धंद्यात काडीमोड-बोट म्हणतात. पुढचा लय धरतो, मागचा सुकाणू सांभाळतो आणि वल्ही एकमेकांवर आपटली की चूक नेहमी मागच्याची, कारण पुढच्याला मागचं दिसत नाही. हे वाचून दोघंही हसलात तर एक होडी घ्या.

प्रश्न : विचारायला संकोच वाटतो, पण शौचाचं काय?

उत्तर : संकोच कसला, शिबिरात हे पहिल्या तासातच सांगून टाकायला हवं. जिथे माती आहे तिथे पाणी, तंबू आणि पायवाट यांपासून निदान ६० मीटर दूर, १५-२० सेंटीमीटर खोल खड्डा, नंतर बुजवायचा. कागद पुरायचा नाही, पिशवीत घालून परत आणायचा. लहानशा खडकाळ बेटावर माती नसते. तिथे सगळंच डब्यात बंद करून परत आणायचं. ऐकायला किळसवाणं वाटतं, दुसऱ्याने न आणलेलं पायाखाली येतं तेव्हा पटतं. बायकांनी एक करावं : अंगभर एकसंध सूटऐवजी दोन भागांतला घ्यावा. आणि कमी लघवीला जावं लागावं म्हणून पाणी प्यायचं टाळू नये. दुपारी डोकं दुखायला लागतं ते बहुतेक वेळा त्यानेच.

प्रश्न : शिबिर निवडताना काय विचारावं?

उत्तर : एका प्रशिक्षकामागे किती शिकणारे. मी सहाच्या वर घेत नाही. व्हीएचएफ रेडिओ, म्हणजे समुद्रावरून मदत मागायचा बिनतारी संच, कोणाकडे असतो, आणि तो जॅकेटच्या खिशात असतो की होडीच्या पोटात. संकटाची हाक ज्यावर द्यायची ती १६ क्रमांकाची वाहिनी पाण्यात पडलेल्या माणसाच्या हाताशी नसेल तर काय कामाची? आणि शेवटी सहज विचारल्यासारखं विचारा, "मागच्या वर्षात किती वेळा अर्ध्यातून परत फिरलात?" एकदाही नाही असं अभिमानाने सांगितलं, तर दुसरं शिबिर बघा.

प्रश्न : पुढच्याच महिन्यात जातेय. आत्ताच काय काय खरेदी करून ठेवू?

उत्तर : काही नको. होडी, वल्हं, जॅकेट, स्कर्ट सगळं ते देतात, आणि दोन दिवस वापरल्याशिवाय स्वतःचं काय घ्यायचं ते कळतही नाही. एक शिट्टी घ्या, आत गोळी नसलेली, ओली झाली तरी वाजणारी. आणि चष्मा असेल तर त्याला दोरी.